कोकम सिरपमध्ये सोडियम बेंझोएट घालताना

कोकम, जांभूळ अशा रंगीत फळांचं सिरप टिकवायला सोडियम बेंझोएटच घ्या. केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) या दुसऱ्या परिरक्षकाने रंग उडतो. एक किलो तयार सिरपला 0.7 ग्रॅम पुरे. 600 पीपीएमची (किलोला 600 मिलिग्रॅम) मर्यादा बेंझोइक आम्लाच्या हिशेबाने असते आणि तेवढ्या आम्लासाठी बेंझोएट थोडं जास्त लागतं, म्हणून हा आकडा. चमच्याने मोजू नका, 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा आणा.

भुकटी थेट आंबट रसात टाकली की गडबड होते. ती पडते तिथेच बेंझोइक आम्ल तयार होतं, ते पाण्यात जेमतेम विरघळतं आणि पांढरे कण तळाशी बसतात. आधी दोन चमचे कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, मग गार सिरप ढवळत बारीक धारेने सोडा. बुरशी आणि यीस्टला रोखतं ते हेच आम्ल, म्हणून पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) 4 च्या खाली हवा. लिंबाच्या सिरपमध्ये मात्र बेंझोएटचा क जीवनसत्त्वाशी संयोग होऊन उष्णतेत, उन्हात किंचित बेंझीन हे घातक रसायन बनू शकतं. त्या बाटल्या गार, अंधाऱ्या जागीच ठेवा.