१९८६च्या फोर्ड एफ-२५०मध्ये कमिन्सचं डिझेल इंजिन बसवावं का?

थोडक्यात तुमचा प्रश्न असा: तुम्ही टेक्सासात राहता, १९८६ची एफ-२५० पिकअप आहे, ४६० घन इंचांचं पेट्रोल इंजिन, सी६ ऑटोमॅटिक गियरबॉक्स, मागच्या डिफरन्शियलला ४.१०चा रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.१० फेऱ्या). घोड्यांचा ट्रेलर ओढायचा आहे आणि एक भंगारवाला नुसतं कमिन्स ६बीटी डिझेल इंजिन देतोय, तर घेऊ का?

इंजिन झकास आहे, पण नुसतं इंजिन घेऊ नका. १९९४ ते १९९७मधली, पाच गियरची एखादी ठोकलेली डॉज रॅम डिझेल शोधा आणि अख्खी उचला. या कामात इंजिन चालू करणं सगळ्यात सोपं. ६बीटी, म्हणजे १२ व्हॉल्व्हचं ५.९ लिटर इंजिन, पूर्ण मेकॅनिकल आहे, कॉम्प्युटरची भानगड नाही. डिझेल पोचलं, शट-ऑफ सोलेनॉइडला (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या खटक्याला) करंट मिळाला आणि स्टार्टर फिरला की ते धडधडायला लागतं. (आपल्याकडे टाटाच्या १६१३ ट्रकमध्ये हेच घराणं.) पैसे आणि शनिवार-रविवार खातं ते त्याच्या आजूबाजूचं सामान.

सर्वात आधी गियरबॉक्स. सी६ला तीनच गियर, ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिन सावकाश फिरू देणारा वरचा गियर) नाही. ४.१० रेशो आणि २३५/८५-१६ टायर धरले तर ताशी ६५ मैलांच्या वेगाला इंजिन साधारण २,८०० आरपीएमवर फिरणार. पेट्रोलला ते चालतं. ६बीटीला गव्हर्नर, म्हणजे आरपीएमला मर्यादा घालणारा भाग, त्याच्या आधीच अडवतो. म्हणजे सगळा खर्च करून गाडी हायवेवर ताशी साठ मैलांच्या आसपास रडत जाणार! डॉजचा एनव्ही४५०० गियरबॉक्स सोबत आला तर पाचव्या गियरमध्ये हाच आकडा २,१००वर येतो आणि डिफरन्शियलला हातही लावावा लागत नाही. बसवण्याआधी त्याच्या पाचव्या गियरचा नट मात्र बघा, तो ढिला होण्याबद्दल बदनाम आहे.

दुसरं, ब्रेक. डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही आणि त्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारा तुमचा ब्रेक बूस्टर उपाशी राहतो. डॉजच्या इंजिनावर पॉवर स्टीअरिंग पंपाच्या जोडीला व्हॅक्यूम पंप असतो. सुटं विकलेल्या इंजिनावरून तो बहुतेक वेळा आधीच काढून घेतलेला असतो. मागे ट्रेलर असताना यात काटकसर नको.

तिसरं, वजन. ६बीटी ५०० किलोच्या घरात, म्हणजे ४६०पेक्षा जवळपास पावणेदोनशे किलो जास्त, आणि तेही सगळं पुढच्या चाकांवर. इथे तुमचं नशीब चांगलं आहे. फोर्डने १९८३पासून याच गाडीत कारखान्यातूनच इंटरनॅशनल हार्वेस्टरचं डिझेल दिलं होतं. त्या गाड्यांच्या पुढच्या स्प्रिंगा आणि मोठा रेडिएटर भंगारात शोधा.

इंजिन स्टँडवर असतानाच एक काम उरका. टायमिंग गियरच्या कव्हरमागे, केसिंग नेमकं जागेवर बसावं म्हणून ब्लॉकमध्ये एक छोटी पोलादी पिन ठोकलेली असते. थरथरीने ती हळूहळू बाहेर सरकते आणि गियरमध्ये पडली तर केसिंग फोडते. शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी आवळून पिनेचं तोंड झाकलं की प्रश्न मिटला. गाडीत बसवल्यावर हेच करायला पंखा, डॅम्पर सगळं खोलावं लागतं.

बाकी किरकोळ: टाकी काढून धुणं, डिझेल परत येण्यासाठी रिटर्न लाइन, दोन बॅटऱ्या. टाकीच्या तोंडाशी अनलेडेडसाठीची अरुंद चकती असेल तर तीही काढा, नाहीतर पंपावर गेल्यावर डिझेलचा नोझल आतच जात नाही.

कायद्याचं म्हणाल तर ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची) भूमिका अशी, की बसवलेलं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा नंतरचं असावं. वर्षाच्या बाबतीत तुमचं त्यात बसतं. कागदांवर इंधनाची नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. कॅलिफोर्नियात असता तर मी वेगळं सांगितलं असतं, तिथले नियम जास्त कडक आहेत.

डिझेलमुळे पैसे वाचतील हा हिशोब मात्र डोक्यातून काढा. महाराष्ट्रात एके काळी पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिनं बसली, कारण तिथे डिझेल स्वस्त होतं. अमेरिकेत ते बहुधा पेट्रोलपेक्षा महागच असतं. घोडे वर्षातून दोनदाच न्यायचे असतील तर ४६०च राहू द्या. दर आठवड्याला न्यायचे असतील तर जरूर करा.

गाडी फोर बाय फोर आहे की टू व्हील, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळलं तर माउंटिंगचं आणि पुढच्या ॲक्सलचं सांगता येईल.