परदेशातली मानसोपचार व्यवस्था आपल्यापेक्षा खरंच चांगली आहे का?

पैशाच्या बाबतीत हो, वेळेच्या बाबतीत नेहमीच नाही. इंग्लंडमध्ये नैराश्य किंवा चिंतेसाठी समुपदेशन सरकारी सेवेतून फुकट मिळतं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं. पण नंबर लागेपर्यंत थांबा. जर्मनीत विमा खर्च उचलतो, तरी थेरपिस्ट मिळायला महिने जातात. इटलीने तर १९७८ च्या कायद्याने मनोरुग्णालयंच बंद करायला घेतली आणि उपचार वस्तीतल्या केंद्रांवर आणले. मला हे सगळ्यात धाडसाचं वाटतं.

आपल्या कोल्हापुरात गणित उलटं. सीपीआर या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला की मानसोपचारतज्ज्ञ गाठता येतो, पण बाहेर एवढी रांग असताना निवांत बोलायला वेळ कुठला? वर बाकावर कुणी पाव्हणा दिसला तर, ही धास्ती वेगळीच. मग लोक खासगीत जातात, खिशातून.

कायदा मात्र आपला तगडा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. अर्थात पॉलिसीत ओपीडीचा, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा, खर्चच धरलेला नसेल तर समुपदेशनाची फी तुमचीच. तोवर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ लावा. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलतात.