मी अजून विचारलंच नव्हतं

चतुर्थी आटोपते, बाजारातलं माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान जाऊन तिथे पुन्हा भाजीवाल्या बसतात, आणि गोव्यात फोंड्याला माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, शिक्षिकांचे फोन यायला लागतात. वाक्य ठरलेलं. "मॅडम, वेळच पुरत नाही. वेळेचं नियोजन कसं करायचं ते एकदा शिकवा." इतक्या जणींकडून ऐकलंय की अर्धं वाक्य मीच मनात पूर्ण करते. त्यांच्यातल्याच एकीबद्दल लिहिते आहे. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तिला आपण नुसतं 'बाई' म्हणू, शाळेतली पोरं म्हणतात तसं.

बाई सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत आहेत. चार इयत्ता, दोन शिक्षिका. दुसरी रजेवर गेली की पहिली ते चौथी एकाच खोलीत बसते. पहिल्या भेटीला येताना चतुर्थीच्या आधीचा आठवडा लिहून आणा, असं मी सांगितलं होतं. त्यांनी पाठकोरा कागद काठोकाठ भरून आणला.

सोमवारी माध्यान्ह आहाराला पाव कमी पडले, म्हणून बचतगटाकडे फोनाफोनी. मंगळवारी तालुक्याला बैठक. बुधवारी शाळा सुटल्यावर मतदारयादीसाठी वाड्यावाड्यावर फिरती. गुरुवारी आरतीच्या स्पर्धेला मुलं घेऊन वाळपई, घुमट (मातीचं तालवाद्य) मांडीवर ठेवून बसमधून. शुक्रवारी चाचणीच्या वह्या. शनिवारी रात्री शेजारच्या दोन घरांच्या धरून दोनशे नेवऱ्या, म्हणजे करंज्या. रविवारी, नवऱ्याने माटोळीसाठी रानातून आणलेली कांगलां एका हाताने निवडत दुसऱ्या हाताने मोबाईलवर शाळेची माहिती भरली. त्याच दिवशी धाकट्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग न्हाणीत जाऊन रडल्या. हे शेवटचं कागदावर नव्हतं, तोंडी सांगितलं.

आणखी एक गोष्ट कागदावर नव्हती. मी विचारलं, "शिकवलं कधी?"

"ते काय लिहायचं, मॅडम? ते तर असतंच."

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरलाय, आणि त्यात वर्गाची तयारीसुद्धा आली. बाईंच्या कागदात शिकवण्याचे तास मिळवून बेरीज केली तर नेवऱ्या वगळून एकसष्ट तास झाले. बेरीज बघून बाई हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही.

इथे माझ्याकडूनही चूक झाली. त्यांनी नियोजन मागितलं आणि मी ते दिलं. रंगीत पेनांनी छान वेळापत्रक आखलं. दोन आठवड्यांत त्याचा बोजवारा उडाला. मोकळ्या ठेवलेल्या प्रत्येक तासात कुणीतरी येऊन बसलं होतं: पंचाच्या मुलीचं निवेदन, महिला मंडळाचा हिशेब, नणंदेच्या मुलाचा प्रकल्प. मोकळी जागा दिसली की माणसं येणारच, यात माणसांचा तरी काय दोष?

तिसऱ्या भेटीच्या शेवटी मी डायरी उघडत म्हटलं, "पुढच्या मंगळवारी तीनऐवजी..."

"हो हो, चालेल."

"बाई, मी अजून विचारलंच नाही."

त्या गोंधळल्या. मी थोडी लबाडी केली. "साडेअकरा म्हणणार होते. शाळा किती वाजता सुटते तुमची?"

"एकला."

"मग?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळणं सुरू झालं. बाहेर कदंब बसचा कंडक्टर उसगाव, वाळपई ओरडत होता. त्यांची बस सुटणार होती, तरी त्या उठल्या नाहीत. मीही बोलले नाही. नव्या समुपदेशकांना मी नेहमी सांगते, अशा वेळी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे करू नका.

"नाही म्हटलं असतं तर तुम्हांला वाटलं असतं, एवढं करतेय हिच्यासाठी आणि हिला साधी वेळ जमत नाही."

"आणि वाटलं असतं मला तसं, तर?"

"तर..." बराच वेळ गेला. "तर मी वाईट ठरले असते."

आठवडा भरला होता तो या एका वाक्याने. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, तिच्यावरच माझी सगळी बैठक आहे. प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दल आपण स्वतःला जे बजावतो ते जास्त छळतं, असं ती सांगते. बाई स्वतःला बजावत होत्या की सगळ्यांना मी बरी वाटलेच पाहिजे. असं बजावणाऱ्या माणसाला दिवसाचे तीस तास दिले तरी तो तिसाव्या तासालाही 'हो हो, चालेल'च म्हणेल.

'नाही म्हणायला शिका' असा सल्ला सरसकट वाटणाऱ्यांचा मला राग येतो. निवडणुकीचं काम शिक्षकाला टाळता येत नाही. शिक्षकाला शिकवण्याबाहेरची कामं देऊ नयेत, या नियमातून जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक एवढी कामं कायद्यानेच वगळलेली आहेत. आहाराची नोंदही टळत नाही. म्हणून आम्ही तोच पाठकोरा कागद पुन्हा काढला, नंतर येऊन बसलेली कामंही त्यात लिहिली आणि टळणाऱ्या कामांखाली रेघ ओढली. नेवऱ्या, निवेदन, हिशेब, प्रकल्प, रात्री दहानंतरचे पालकांचे मेसेज. चौदा तास तिथेच सापडले. तिथे 'नाही'सुद्धा म्हणायचं नाही, एवढंच म्हणायचं: "बघून उद्या सांगते." मध्ये एक रात्र जाऊ द्यायची. त्या रात्री छातीत धडधड होईल, ती होऊ द्यायची. धडधड थांबावी म्हणून फोन उचलून हो म्हणायचं नाही. वाचणाऱ्या शिक्षिकांनो, करून बघा. पहिली रात्र वाईट जाते.

बाईंची वाईट गेली. फुगडीच्या सरावाला येणार का, असा फोन आला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी जमणार नाही म्हणून कळवलं. मला वाटलं, पुढच्या भेटीला खुशीत येतील. त्या आल्या फुरंगटून.

"मॅडम, ती नुसती 'बरं' म्हणाली. आणि दहा मिनिटांत दुसरीला विचारून मोकळी झाली!"

"मग चांगलं झालं ना?"

"चांगलं कसलं? म्हणजे इतकी वर्षं माझ्यावाचून काही अडत नव्हतं?"

एवढ्या वर्षांच्या कामात माझ्या हे नीट लक्षात आलं नव्हतं, आणि ते बाईंनी दाखवलं. 'हो' म्हणण्याची किंमत आम्ही तासांत मोजत बसलो होतो, पण त्या 'हो'ची मिळकतही होती: आपल्यावाचून अडतं, हे सुख. ते सोडताना दुखणारच. त्यापुढच्या दोन भेटी आम्ही त्या दुःखावरच घालवल्या. वेळापत्रकाचं नावही निघालं नाही. मुलीला पाढे शिकवताना आपला आवाज हल्ली चढत नाही, हे सांगायला मात्र त्या विसरल्या नाहीत.

यंदा चतुर्थीनंतर त्यांचा फोन आला. नेवऱ्या फोंड्याच्या बाजारातून विकत आणल्या होत्या.

"सासूबाई काय म्हणाल्या?"

"एक खाऊन बघितली. म्हणाल्या, खसखस कमी आहे."

"मग?"

"मग काय, दुसरी घेतली."