तुमचे प्रश्न : सोसायटीच्या यादीत बाई कुठाय?

प्रश्न : ताई, सोसायटी, बाजार समिती, कर्जमाफी यावर तुम्ही लिहिता ते पटतं. पण मधेच बायकांच्या हक्काचा विषय काढता. तो वेगळ्या लेखात लिहाल का? राजकारणाच्या लेखात राजकारणच राहू द्या.
– एक शेतकरी वाचक, आर्णी तालुका

उत्तर : भाऊ, तुम्हाला पटलेला सोसायटीचाच विषय घेऊ. सेवा सहकारी सोसायटीत सभासद कोण? ज्याच्या नावावर सातबारा, तो. पीककर्ज त्याला, मतही त्याला. आणि तिथं संचालक झालेल्यालाच पुढं जिल्हा बँक अन् बाजार समिती दिसायला लागते. आता तुमच्या गावच्या सोसायटीची मतदारयादी काढा आणि बायकांची नावं मोजा. जी सापडतील त्यातल्या विधवा किती, तेही बघा. पुष्कळ घरी नवरा गेल्यावरच बाई शेतकरी ठरते.

तेही सगळ्यांच्या नशिबी नसतं. आमच्याकडं कापसाचा वेचा चालू असताना शेताच्या धुऱ्यावर एकीशी बोलत होते. बोंडाच्या टोकांनी बोटं चिरलेली, कमरेला ओटी बांधलेली. नवऱ्यानं आत्महत्या केली, तेव्हापासून वावर तीच पाहते. सातबारा सासऱ्याच्या नावानं. म्हणाली, "येचतो मी, गाडी मी भरतो, अन् केंद्रावर बुढा जाते. पैसे बी त्याच्याच खात्यात." सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस घालायचा तर सातबारा लागतो, त्यावर कापसाची नोंद लागते. वेचणारीचा कागद कुणी मागत नाही.

वावर वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याच्या हिश्शात तिचा आणि लेकरांचा वाटा आहे. सासरा राजी असला तर तहसीलदाराकडं वाटप करून फेरफार होतो. नसला तर दिवाणी कोर्ट. ती कोर्टात जाणार नाही. सासू लेकरं सांभाळते, म्हणून तर ती वावरात जाऊ शकते. हे तिला कळतं, तुम्हाआम्हालाही कळतं.

आणि हा विषय काही मी काढलेला नाही. नव्वदच्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली : नवऱ्यानं आपल्या हयातीतच बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसणारीच ही माणसं. त्यांना दोन विषय वेगळे वाटले नाहीत.

प्रश्न : आमची सरपंच बाई आहे, पण सभेत बोलतात तिचे यजमान. महिला ग्रामसभा तर कागदावरच होते. आम्ही बचत गटातल्या बाया काय करू शकतो?
– एक वाचक, समुद्रपूर तालुका

उत्तर : पंचायतीत बायकांना आरक्षण १९९३ पासून आहे, आपल्या राज्यात २०११ पासून निम्म्या जागा. खुर्ची मिळाली, तिच्यावर बसायचं तेवढं राहिलंय! यजमानांशी मात्र भांडू नका, त्यात सरपंचबाईच तोंडघशी पडतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानंच बंधनकारक आहे. तेव्हा गटाच्या लेटरहेडवर दोन ओळींचा अर्ज द्या : मागच्या महिला सभेच्या कार्यवृत्ताची नक्कल मिळावी. पोच घ्या, शिक्क्यासह. सभा झालीच नसेल तर ग्रामसेवक आधी तुमच्या घरी चहाला येईल. चहा पाजा, अर्ज मागं घेऊ नका. पुढच्या सभेला जाताना सरपंचबाईंना त्यांच्या घरून सोबत घेऊन जा, आणि तुमच्यातली एक यजमानांच्या नेहमीच्या खुर्चीवर आधीच जाऊन बसू द्या.