बोल्ट नेमका कुठे अडतो?

प्रश्न : पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली .३१५ स्पोर्टिंग रायफल माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिचा बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) जड चालतो. गोळी झाडल्यावर तर हँडल वर उचलायला तळहाताने ठोकावं लागतं. आत भरपूर तेल सोडलं, तरी फरक नाही. काय करावं?
– एक शेतकरी, जालना जिल्हा

उत्तर : ठोकणं आजपासून बंद करा आणि ते 'भरपूर तेल' पुसून काढा. आम्हाला जास्त काळजी त्या तेलाचीच वाटते. कारण पुढे येईल.

आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, रायफलचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, बोल्ट उघडून चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघा आणि करंगळीनेही चाचपा. घरी जिवंत काडतूस घालून बोल्टची परीक्षा कधीही करायची नाही.

आता मॅगझिन काढलेल्या रिकाम्या रायफलचा बोल्ट सावकाश चालवा. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ही रायफल ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घडणीची आहे. तिच्यात फायरिंग पिनची (काडतुसावर आदळून बार उडवणाऱ्या खिळ्याची) स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना ताणली जाते, त्यामुळे बंद करताना शेवटच्या इंचभरात जोर लागणारच. तो दोष नाही. रिकाम्या रायफलचं हँडल उघडताना मात्र सहज उठलं पाहिजे.

रिकामी असतानाही ती अडत असेल, तर कारण बहुतेक वेळा साधं असतं : चिकट झालेलं जुनं वंगण. आपल्याकडे अनेक घरांत बंदुकीला खोबरेल लावतात. ते थंडीत थिजतं आणि जुनं झालं की त्याचा चिकट थर बसतो. बोल्ट पूर्ण मागे ओढून बोल्ट-हेड (बोल्टचं पुढचं टोक) वर फिरवून सोडवा आणि बोल्ट बाहेर काढा. तो आणि त्याच्या वाटेवरच्या खाचा रॉकेलने भिजवलेल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने साफ करून कोरड्या करा. मग डावीकडचा आखूड लग (बोल्ट अडकवून धरणारा उंचवटा) आणि उजवीकडची लांब पट्टी, या दोन घासणाऱ्या जागांवर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस बोटाने पसरवा. एवढं पुरे. बाकी बोल्टवर तेलाचा हात फिरवला तरी चालतं.

तरीही अडला, तर काळ्या मार्कर पेनने लग आणि पट्टी रंगवा आणि बोल्ट दहा वेळा चालवा. शाई जिथे खरवडून धातू चमकेल, तिथे तो घासतोय. मॅगझिन बसवल्यावरच अडत असेल, तर दोष मॅगझिनकडे शोधा. पावसाळ्यात लाकडी दस्ता फुगून धातूवर दाब देतो, हेही विसरू नका.

तुमच्या पत्रातली खरी खूण मात्र 'गोळी झाडल्यावर' ही आहे. बार होताना काडतुसाची पितळी पुंगळी दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि दाब उतरताच किंचित आकसते. भिंत गुळगुळीत असेल तरच ती सुटते. गंजाचे खड्डे असतील तर पितळ त्यांत दाबलं जातं आणि पुंगळी धरून राहते. झाडलेली पुंगळी उजेडात फिरवून बघा. दर वेळी एकाच जागी ओरखडे किंवा बारीक पुळ्या दिसल्या, तर चेंबरमध्ये त्याच जागी खड्डा आहे. पुंगळ्या स्वच्छ निघत असतील, तर केवळ मळ असण्याची शक्यता जास्त.

मळ काढायला नळीचा ब्रश पुरत नाही, कारण चेंबर मागच्या बाजूला सुमारे साडेबारा मिलिमीटर रुंद असतं. .४५ पिस्तुलाच्या ब्राँझ ब्रशवर चिंधी गुंडाळून तो घट्ट बसेल असा करा. बंदूक साफ करण्याचं सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं थांबा, मग हातानेच वीसेक वेळा फिरवा. ड्रिल मशीन आणि पॉलिश पेपर वापरू नका, चेंबर मोठं झालं की परत लहान करता येत नाही. शेवटी चिंधी स्वच्छ आणि कोरडी निघेपर्यंत पुसा.

आणि आता तेलाचं. चेंबर तेलकट असलं की पुंगळी भिंतीला नीट धरत नाही आणि बाराचा धक्का थेट बोल्टवर येतो. तुमच्या रायफलचे लग बोल्टच्या मागच्या टोकाला असल्याने तो धक्का अख्ख्या बोल्टने सोसायचा असतो. म्हणून साठवताना तेलाचा हात असावा, पण झाडण्याआधी चेंबर पुसून कोरडं हवं. काडतुसांनाही तेल लावू नये.

एवढं करूनही हँडल जड उठलं, किंवा एखाद्या खोक्यातल्या काडतुसांची बुडाची टोपी (प्रायमर) झाडल्यावर सपाट झालेली दिसली, तर रायफल चालवणं थांबवा. साफसफाई तुम्ही करू शकता. बोल्ट-हेड बदलणं आणि चेंबर दुरुस्त करणं हे दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराचंच काम आहे.

प्रश्न : काडतुसं भरल्यावर पहिलंच काडतूस पुढे जात नाही, बोल्ट मध्येच अडतो.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : .३१५ च्या काडतुसाला मागे बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागे गेली, तर वरचं पुढे सरकताना खालच्याला ओढतं आणि दोन्ही अडकतात. प्रत्येक काडतूस भरताना त्याची कड खालच्या कडेच्या पुढे बसली आहे ना, हे बघा. अडकलंच तर जोर लावू नका, बोल्ट मागे घ्या आणि मॅगझिन काढा.

प्रश्न : क्लबच्या .२२ रायफलचा बोल्ट ४०-५० गोळ्यांनंतर बंद करताना घट्ट होतो. मॅच ६० गोळ्यांची असते.
– एक नेमबाज, कोल्हापूर

उत्तर : .२२ च्या गोळीवरचं मेण आणि काजळी चेंबरच्या पुढच्या टोकाला कड्यासारखी जमते, आणि प्रत्येक नवी गोळी त्या कड्यात दाबावी लागते. सरावानंतर चेंबरच्या तोंडाकडून .२२ चा ब्राँझ ब्रश सॉल्व्हंटसह चार-पाच वेळा फिरवून पुसा. थोडा विरोध मात्र स्वाभाविक आहे, कारण मॅच रायफलच्या आखूड चेंबरमध्ये गोळी नळीच्या आट्यांत किंचित रुतते. म्हणूनच न झाडलेलं काडतूस बाहेर काढताना गोळी आत राहून बारूद सांडू शकते. तसं झालं तर पुढचं काडतूस घालू नका, रेंज ऑफिसरला सांगा.

साफ करूनही पहिल्या गोळीपासून घट्टपणा असेल, तर चेंबरच्या काठावर फायरिंग पिनने ठोकलेली खूण शोधा. योग्य साधन न लावता रिकामी रायफल वारंवार झाडली की पिन काठावर आदळते आणि तिथे आत वळलेला बारीक उंचवटा तयार होतो. काडतूस त्यावरच अडतं. त्यासाठी क्लबच्या आर्मररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) उंचवटा दाबून सपाट करणारं खास अवजार, म्हणजे 'चेंबर आयर्न', असतं; चाकूने खरवडायला जाऊ नका.