निवृत्तीनंतर हे स्वयंपाकघरात शिरले, आता मी काय करू?

"निवृत्त झाल्यापासून हे ओट्यापासून हलत नाहीत. रोज तर्री, रोज ठेचा, साखर वाढली तरी ऐकत नाहीत. यांना कसं थांबवायचं ते सांगा." अशा आशयाची तक्रार नाशिकमध्ये समुपदेशन करताना माझ्याकडे वारंवार येते. कधी ती पत्नीची असते, कधी सुनेची, तर कधी दूरच्या शहरात राहणाऱ्या मुलीची, फोनवरून. नवऱ्याने घरकामात हात लावावा असे जिला आयुष्यभर वाटत आले, तिलासुद्धा तो हात प्रत्यक्ष कढईपर्यंत पोहोचल्यावर अस्वस्थ वाटू लागते आणि मग या अस्वस्थतेचे स्वतःलाच अपराधी वाटते. या तक्रारीत प्रकृतीची काळजी आणि घरातल्या जागेचा प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले असतात की, बहुतेक घरांत भांडण तेलावरून होते आणि दुखणे मात्र निराळेच राहते. ते कसे, हे एका जोडप्याच्या अनुभवातून सांगते. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काकू साठीच्या उंबरठ्यावरच्या, माहेर निफाडकडचे. काका मूळचे खान्देशातल्या अमळनेर तालुक्यातले. नोकरी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात, तीही बहुतेक काळ पाळ्यांची. मुलगा वेगळा राहतो आणि सुटीच्या दिवशी बायकामुलांसह येतो. घरात एरवी ही दोघेच. काकू एकट्याच आल्या होत्या आणि त्यांनी बरोबर काकांच्या रक्ततपासणीचा कागद आणला होता. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा वाढलेला होता, रक्तदाबाची गोळी चालू होती. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि पदार्थांची नावे आरोपपत्र वाचावे तशी सांगितली: शेवभाजी, दाळगंडोरी, डुबुकवडे, वरणबट्टी, कळण्याची भाकरी आणि भरीत.

मी त्यांना विचारले की हे सगळे किती माणसांचे होते. त्या थांबल्या. "सहा-सात माणसांचं. यांना दोघांचं करताच येत नाही. उरलेलं फ्रिजमध्ये जातं, आणि शिळं माझ्या वाट्याला येतं. टाकवत नाही ना." पुढच्या वाक्याला त्यांचा आवाज बदलला. "खालच्या मजल्यावरचे येतात, भरीत खातात, वाहवा करतात. पस्तीस वर्षं मी दोन वेळचं केलं, तेव्हा कोणी असं बोललं नाही." रक्ततपासणीचा कागद आणि हे वाक्य दोन्ही खरे होते, पण त्या दिवशी त्यांना माझ्यापर्यंत आणले होते ते या वाक्याने. मी तसे त्यांना लगेच म्हटले नाही. आधी काकांना भेटणे आवश्यक होते.

अशा वेळी मी पहिल्यांदा एक गोष्ट तपासते: हा स्वयंपाक म्हणजे आवड आहे, की उदासीनतेवर पांघरूण आहे. ज्येष्ठांच्या मनःस्थितीसाठी वापरली जाणारी प्रश्नावली त्यांच्याकडून भरून घेतली, झोप, भूक, मित्रांकडे जाणे-येणे यांविषयी बोलले. उदासीनतेची चिन्हे नव्हती. स्मरणशक्तीविषयीही शंका घेण्यासारखे काही दिसले नाही. बाजारहाटापासून वाढण्यापर्यंतचा स्वयंपाक हा क्रमाने आखावा लागणारा उद्योग आहे आणि तो ज्याला नीट जमतो, त्याच्या बाबतीत ते एक चांगले लक्षण मानावे. याउलट, रोजच्या सवयीच्या पदार्थाची कृती मध्येच विसरणे, एकाच भाजीत दोनदा मीठ पडणे, गॅस चालू राहणे असे वारंवार होऊ लागले, तर मात्र रागावण्याऐवजी डॉक्टरांकडे नेले पाहिजे.

निवृत्तीकडे एका दिवसाची घटना म्हणून न पाहता टप्प्याटप्प्याने होणारी प्रक्रिया म्हणून पाहावे, अशी मांडणी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅचली यांनी १९७० च्या दशकात केली. सुरुवातीच्या उत्साहानंतर पुष्कळांना एक पोकळी जाणवते आणि त्यानंतर माणूस आपल्या दिवसाची नवी घडी बसवू लागतो, असे ते सांगतात. सगळेच जण याच क्रमाने जातात असे नाही, पण काकांचे वर्णन जवळजवळ असेच होते. पहिले काही महिने गावी जाणे, लग्नकार्ये, देवदर्शन यांत गेले. मग सकाळी पाचला जाग यायची आणि पुढे काय, हे कळायचे नाही. नोकरीत असताना तिसऱ्या, म्हणजे रात्रीच्या पाळीवरून ते घरी यायचे तेव्हा घर कामाला लागलेले असायचे आणि ते झोपायचे. दुपारच्या पाळीला मुले शाळेतून यायच्या आत ते निघालेले असायचे. "आपल्या घरात दुपारी बाराला काय चालतं, हे मला रिटायर झाल्यावर समजलं," असे ते म्हणाले. एका बुधवारी गोदाकाठच्या बाजारात त्यांना भरताची हिरवी, मोठी वांगी दिसली. ती आणून त्यांनी गॅसवर भाजली आणि तेव्हापासून दिवसाला सुरुवात आली, शेवट आला आणि मध्ये कोणीतरी "छान झालंय" म्हणणारे आले.

"हे सगळं तुम्ही कोणासाठी करता?" हा प्रश्न मी अशा प्रत्येक गृहस्थाला विचारते. काकांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "आईच्या हातची चव परत आणायची आहे." हे उत्तर मनापासूनचे होते आणि काकूंना ते घरात रोज ऐकू येत होते.

दोघांना एकत्र बोलावले, तेव्हा तेलाचा आणि साखरेचा विषय मी मुद्दाम बाजूला ठेवला. काकांना म्हटले, भरीत कसे करता ते सांगा. ते खुलून सांगू लागले: गावाकडे वांगी तुरीच्या काड्यांवर भाजतात, तो धुरकट वास गॅसवर येत नाही, मग साल काढायची, वांगी लाकडी बडगीत घालून ठेचायची, त्यात मिरची, लसूण... "मिरची-लसूण आधी," काकू मध्येच म्हणाल्या. "आधी ती बारीक होऊ द्यायची, मग वांगं. नाहीतर मिरचीचे तुकडे राहतात. परवाच्या भरतात राहिले होते." काका त्यांच्याकडे पाहतच राहिले. मी काकूंना पुढचे सांगायला सांगितले आणि त्यांनी ते सगळे सांगितले: तेलात शेंगदाणे केव्हा टाकायचे, कांद्याची पात किती मऊ होऊ द्यायची, कळण्यासाठी ज्वारीत अख्खे उडीद किती आणि गिरणीवाल्याला पीठ कसे सरबरीत दळायला सांगायचे. निफाडच्या मुलीला हे सासूबाईंनी समोर उभे करून शिकवले होते आणि ते शिकणे सुखाचे नव्हते. भाकरी फाटली की ती परत थापावी लागे.

मग त्यांनी जे सांगितले ते काकांना ठाऊकच नव्हते. सासूबाईंना अखेरच्या वर्षांत नीट दिसत नव्हते, हात थरथरत होते. त्या पाटावर बसून सांगायच्या आणि काकू करायच्या. काका पाळीवर जो डबा नेत आणि साथीदारांना "आईच्या हातचं आहे" म्हणून वाढत, तो त्या काळातला बहुतेक काकूंच्या हातचा होता. "आईंना बरं वाटायचं, म्हणून मी कधी बोलले नाही," असे त्या म्हणाल्या. काका बराच वेळ गप्प होते. नंतर त्यांनी इतकेच विचारले, "पातोड्यांचा रस्सासुद्धा?" काकू म्हणाल्या, "तोसुद्धा."

इथे मला अशा घरांतल्या मुलांना आणि सुनांना कळकळीने सांगावेसे वाटते. निवृत्त वडील स्वयंपाक करू लागले की आपण त्यांचे फोटो काढतो, नातेवाइकांना पाठवतो, पाहुण्यांसमोर कौतुक करतो. ते कौतुक योग्यच आहे. पण त्याच खोलीत एक बाई उभी असते, जिने हेच काम कौतुकाविना, आजारपणातही, सणावारालाही केलेले असते. तिला होणारा त्रास हा मत्सर नव्हे. तिच्या श्रमांची नोंद कधी झालीच नाही आणि ती झाली नव्हती हे तिला आता, दुसऱ्याची होताना पाहून, स्पष्ट दिसते. तिला "आता तरी आराम करा की" असे सांगणे म्हणजे त्या नोंदीचा हक्कच नाकारणे होय. शिवाय तो आराम बऱ्याचदा नावापुरता असतो, कारण कढई, खलबत्ता आणि तेलकट ओटा तिच्यासाठीच राहिलेला असतो.

त्यानंतरच्या भेटींत व्यवहाराचे बोलणे सोपे गेले. काकांनी आठवड्यातून दोन दिवस स्वयंपाक करायचा, बुधवारी बाजारानंतर आणि मुलगा येतो त्या रविवारी. ओटा पुसून, भांडी घासून झाल्याशिवाय त्यांचा स्वयंपाक संपला असे धरायचे नाही. दोघांचे असेल तेव्हा दोघांच्याच मापाने करायचे, आणि उरलेच तर दुसऱ्या दिवशी दोघांनी खायचे. उरलेल्या दिवशी काय करायचे हे काकू ठरवणार. त्या वरण-भात-भाजी करतील किंवा काही करणारही नाहीत. मसाल्यासाठी खोबरे-कांदा भाजण्याचा धूर बंद फ्लॅटमध्ये काकूंना सोसत नव्हता. त्यावर तोड निघाली ती अशी की, भाजणे गच्चीवर करायचे आणि कुटायला डंकावर द्यायचे.

प्रकृतीचा प्रश्न मी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांकडे सोपवला, कारण पथ्य सांगणे हे समुपदेशकाचे काम नाही. मात्र त्या चर्चेतून जे निघाले, ते अशा प्रत्येक घराला उपयोगी पडेल असे वाटते. वाढत्या वयात वासाची जाण मंदावते आणि चवीचा मोठा भाग वासावर अवलंबून असल्यामुळे पदार्थ फिका लागतो. काही औषधांमुळेही तोंडाची चव बदलते. काका मीठ-तिखट वाढवत होते ते हट्टाने नव्हे, त्यांना ते खरोखरच कमी लागत होते. तेव्हा त्यांनी चव ठरवण्याऐवजी मीठ चमच्याने मोजावे आणि शेवटची चव काकूंनी पाहावी, असे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही पूर्ण भरणार नाही इतकेच मीठ जावे. कळण्याच्या पिठात पुष्कळ घरांत दळतानाच मीठ घालतात, ते हिशेबात धरलेच जात नव्हते. आता पीठ अळणी दळून आणतात.

तेलाचेही मोजमाप झाले. एका मोठ्या चमच्यात साधारण १५ मिलिलिटर तेल मावते आणि त्यातून सुमारे १२० कॅलरी मिळतात, हे काकांनी स्वतः वहीत लिहून घेतले. आयुष्यभर यंत्रांच्या मोजपट्ट्यांची नोंद ठेवलेल्या माणसाला "तेल कमी घाला" यापेक्षा "किती" हे सांगितलेले लवकर पटते. शेवभाजीतली शेव तळलेली आणि खारट, म्हणून ती महिन्यातून एखादे वेळी. बट्टी वाफवून झाल्यावर तळण्याऐवजी थोड्या तुपावर भाजायची. भरीत आणि भाकरी यांना आहारतज्ज्ञांनी मापात असल्यास मोकळीक दिली. सगळ्यांत महत्त्वाचे निघाले ते जेवणाच्या वेळेचे. नवा पदार्थ करताना त्यांचे जेवण अडीच-तीनपर्यंत लांबत होते. मधुमेहाच्या काही गोळ्या घेतल्यावर जेवायला उशीर झाला तर साखर एकदम उतरू शकते, हे डॉक्टरांनी बजावले, तेव्हापासून ते बाजारातून आल्या आल्या कामाला लागतात आणि एकच्या आत पान वाढतात.

सगळेच मिटले असे नाही. काकांना अजूनही पाहुण्यांसमोर "आईची पद्धत" म्हणण्याची सवय आहे आणि काकू अजूनही त्यावर गप्प होतात. फरक इतकाच की आता काका स्वतःच वाक्य अर्धवट सोडून काकूंकडे पाहतात. पुढच्या तपासणीत साखरेचा आकडा थोडा खाली आला, पण डॉक्टरांना हवा तितका नाही. चालणे वाढवायचे आहे आणि त्याबाबतीत काका टाळाटाळ करतात, ही तक्रार काकूंनी शेवटच्या भेटीतही केली.

त्याच भेटीत येणाऱ्या आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा विषय निघाला. खान्देशी घरात आखाजीला खापरावरचे मांडे आणि आमरस हवाच, आणि काकांनी मांडे शिकण्याची तयारी मनाशी चालवली होती. पुरण भरलेली पोळी हातांवर फिरवत कोपरापर्यंत मोठी करून खापरावर टाकणे काकूंना सासूबाईंकडून यायला दोन उन्हाळे लागले होते. त्यांनी स्पष्ट सांगितले की मांडे त्या स्वतःच करतील, आणि ते कोणालाही देणार नाहीत. काकांनी पुरण वाटावे, रस काढावा आणि मुलगा-सून-नातवंडे जेवायला बसली की मांडे कोणी केले हे त्यांनी आपण होऊन सर्वांना सांगावे. काकांनी ते मान्य केले आणि पुरणासाठी डाळ किती लागेल, एवढेच विचारले.