स्क्रॅपर नंतर, आधी रोलर बघ

भाऊ, वणीकडचा पावसाळ्यातला ओला कोळसा कन्व्हेयर बेल्टला चिकटणारच. पण स्क्रॅपरचं, म्हणजे बेल्ट खरवडून साफ करणारं, ब्लेड नवीन टाकूनही रिटर्न रोलरखाली (रिकामा परतणारा बेल्ट ज्यावर टेकतो) ढीग साचतोय, तर ब्लेडला दोष देऊ नकोस. आणि ब्लेड दाबणारी स्प्रिंग आवळत तर मुळीच बसू नकोस; त्यानं ब्लेड झिजतं, बेल्टचं रबरही जातं.

चालू बेल्टकडे लांबूनच बघ. हेड पुली (कोळसा खाली पडतो त्या टोकाची) सोडल्यावर दुसऱ्या स्क्रॅपरपाशी तो फडफडतो का? खालून ब्लेड दाबलं की बेल्ट वर उचलला जातो, कडा एकीकडे अन् मध्य दुसरीकडे. मग कोळशाचे काळे पट्टे तसेच पुढे जातात.

इलाज साधा. ब्लेडजवळ, बेल्टच्या वरच्या कोरड्या बाजूनं दाबरोलर बसव. बेल्ट हलकासा दाबून सपाट राहिला की पुरे. रोलर पूर्ण रुंदीचा आणि काटकोनात हवा, नाहीतर बेल्ट एका बाजूला पळेल. रोलर अन् ब्लेडच्या मध्ये बेल्ट चिमटू देऊ नकोस. बेल्टचा जोड येतो तेव्हा ब्लेडला मागं सरायला जागा लागते. लोक नेमकं हेच विसरतात.

हात घालण्याआधी वीज तोडून कुलूप लाव, किल्ली स्वतःच्या खिशात. सुपरवायझर कितीही घाई करू दे.